फोटो फ्रेम आणि फ्लेक्सवाले, ठाणे पश्चिम : काम चांगलं होतं, पण डोक्यावर उभं राहून करून घ्या

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार देता येत नाही म्हणून वर चार दिसतायत, ते साडेतीनच समजा. बाकीचे रिव्ह्यू वाचले तर "गुड सर्विस", "नाईस वर्क", "भाऊ एक नंबर" एवढंच, कोणी काय करून घेतलं, किती पैसे गेले, काय बिघडलं, कशाचा पत्ता नाही. म्हणून मी जरा सविस्तर लिहितेय. ज्यांना फक्त रेट हवेत त्यांनी सरळ खाली जावं.

दुकान स्टेशनच्या पश्चिमेला मार्केटच्या आतल्या गल्लीत. पार्किंग विसरा, तिथे टू व्हीलर पण उचलून नेतात. पुढे फ्रेमच्या पट्ट्यांचे तुकडे भिंतीला लावलेले, काउंटरवर स्वामी, साईबाबा, बाळूमामा सगळ्या साईझमध्ये, मागे दोन कॉम्प्युटर. फ्लेक्सचं मशीन इथे नाही, ते दुसऱ्या गाळ्यात आहे आणि फाईल तिकडे जाते, हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण "दहा मिनिटांत देतो ताई" मधली दहा मिनिटं त्या गाळ्याच्या हातात असतात, यांच्या नाही.

आमचं काम काय होतं ते सांगते. चरईत आमच्या सोसायटीत तळमजल्याला एक खोली आहे, तिथे आम्ही काहीजण मिळून वाचनालय चालवतो, म्हणजे दोन कपाटं, एक टेबल आणि संध्याकाळी येणारी मुलं. यावर्षी ठरलं की १९ एप्रिलला अनंत कान्हेरेचा स्मृतिदिन करायचा आणि खोलीत त्याचा एक नीट फोटो कायमचा लावायचा. त्यासाठी एक फ्रेम, माहितीचा एक सनबोर्ड (म्हणजे हलका, कडक फोमचा बोर्ड) आणि गेटवर लावायला एक फ्लेक्स.

आता ठाण्यात जन्म काढलेल्या लोकांना पण हे माहीत नसतं म्हणून थोडक्यात. अनंत लक्ष्मण कान्हेरे, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा, शिकायला औरंगाबादला होता, तिथून नाशिकच्या गुप्त मंडळीतल्या लोकांशी ओळख झाली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता, तिथे त्याने जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि तिथेच पकडला गेला. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे त्याच्या बरोबरचे. खटला मुंबईत चालला आणि १९ एप्रिल १९१० ला तिघांनाही आपल्या ठाण्याच्या जेलमध्ये फाशी दिली. गोळ्या झाडल्यापासून फाशीपर्यंत चार महिने पण झाले नव्हते. मृतदेह घरच्यांच्या ताब्यात दिले नाहीत, इथेच खाडीकिनारी जाळून टाकले. कान्हेरेचं वय अठरा.

एकेरी लिहितेय म्हणून कोणी खाली भांडायला येऊ नका. बोर्डावर "हुतात्मा" आणि "यांनी" असंच छापलंय. पण माझा मुलगा आत्ता सेकंड इयरला आहे आणि हा त्याच्यापेक्षा लहान, माझ्या तोंडात "अहो कान्हेरे" बसत नाही.

आणि जेल कुठलं, तर तेच, जेल तलावाजवळचं, ज्याच्या भिंतीला लागून आपण रोज रिक्षाने कोर्ट नाक्याला जातो. मुळात पोर्तुगीजांचा किल्ला, १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी, आणि पुढे त्याचं जेल झालं ते आजपर्यंत जेलच आहे, चालू जेल, त्यामुळे मनात आलं आणि मुलांना घेऊन आत फूल वाहायला गेलो असं होत नाही. १६ एप्रिलला पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५३ ला, ते मात्र सगळ्यांना पाठ असतं, पेपरात येतं, व्हॉट्सअॅपवर इंजिनाचे फोटो फिरतात, आणि तीन दिवसांनी १९ एप्रिल येऊन जातो, कोणाच्या स्टेटसला नाही. बरं असो, रिव्ह्यू दुकानाचा आहे.

तर गेले. मालक बोलायला गोड आहेत, बसायला स्टूल देतात, चहा मागवतात. मी सांगितलं, अनंत कान्हेरे, तर म्हणाले, "आहे ना ताई, क्रांतिकारकांचा रेडी सेट आहे आपल्याकडे." कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने फोल्डर उघडला. त्यात काय होतं ते ऐका. मागे भगव्या ज्वाळा, एका बाजूला तुटलेली साखळी, एका बाजूला फासाचा दोर, वर तिरंगा फडकतोय, खाली मूठ आवळलेला हात. मधे एक गोल, त्यात ज्याचा हवा त्याचा चेहरा टाकायचा. एवढंच. आज भगतसिंग, उद्या चाफेकर, परवा कान्हेरे, मागचं सगळं तेच. तिरंगा आत्ताचा, १९४७ साली ठरलेला, आणि माणूस गेलाय १९१० ला. आणि सगळ्यात कडी म्हणजे कोपऱ्यात काउबॉयच्या सिनेमात असतं तसलं गोल चकतीचं रिव्हॉल्व्हर, त्यातून धूर निघतोय. मी म्हटलं अहो ती ब्राउनिंग पिस्तुलं होती, सावरकरांनी लंडनहून पाठवलेली, चपटी असतात, त्यांना चकती नसते. मालक म्हणाले, "पब्लिकला कळतं कुठे ताई?" खरं आहे, पब्लिकला नसेल कळत, पण मग बोर्ड कशासाठी लावायचा?

मी म्हटलं काही नको, ज्वाळा नको, दोर नको, पांढरा बॅकग्राउंड आणि फोटो. इथे खरी गंमत सुरू झाली. नेटवर त्याचा जो कृष्णधवल फोटो फिरतो तो डाउनलोड केला तर जेमतेम स्टॅम्पएवढा, मोठा केला की चौकोन चौकोन. मुलगा म्हणाला, "एआयमधून काढतो ना मॅडम, एकदम एचडी येईल," आणि मी नको म्हणेपर्यंत त्याने मोबाईलवरच्या कुठल्यातरी अॅपमध्ये टाकला पण. बाहेर काय आलं? तीस-बत्तीसचा गडी. पिळदार मिशी, रुंद छाती, डोळ्यात रक्त उतरलेलं, आणि कातडी कशी तर सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखी. मालक खूश. "आता कसा क्रांतिकारक वाटतो!" मी म्हटलं, काका, हा कोण आहे? हा तो नाहीच. तर ते म्हणाले ते वाक्य मी विसरत नाही. "पण ताई, ओरिजिनलमध्ये पोरगाच दिसतो हो. फाशी गेलेला वाटत नाही."

अहो पोरगाच गेला होता फाशी!

माझा सगळ्यांशी वाद होता तो नेमका हाच, दुकानवाल्यांशीच नाही, आमच्या कमिटीशी पण. आपल्याला हुतात्मा म्हटलं की धिप्पाड लागतो. बंगालचा खुदीराम बोस पण अठराचाच होता, ११ ऑगस्ट १९०८ ला गेला, त्याची पण चित्रं बघा, कोणी त्याला अठराचा ठेवत नाही. भगतसिंग तेवीसचा होता, कॅलेंडरवर चाळिशीचा दिसतो. वय वाढवलं, मिशी लावली, छाती फुगवली की मग आपलं काम सोपं होतं, हात जोडायचे आणि पुढे जायचं, कारण तो कोणीतरी वेगळ्या मातीचा होता, आपल्यातला नव्हता. अठराचा ठेवला की अवघड होतं. मग विचार करावा लागतो की याला कोणी सांगितलं, का सांगितलं, घरच्यांना माहीत होतं का, याला स्वतःला किती कळत होतं. मला आमच्या खोलीत येणाऱ्या मुलांना तोच अवघड फोटो दाखवायचा होता. माझं म्हणणं चूक असेल तर असो, पण पैसे मी देत होते.

एवढ्यात आतून आवाज आला, "ते अॅप बंद कर रे." दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक आजोबा बसतात, दुपारनंतरच येतात, मालकांचे नात्यातले आहेत बहुतेक, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. या रिव्ह्यूमधले तीन स्टार त्यांचे आहेत असं समजा. आधी हाताने रिटचिंग करायचे, म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधी, फोटोच्या प्रिंटवर बारीक ब्रशने. मला विचारलं, "छापलेलं काही आहे का तुमच्याकडे? जुनं पुस्तक, स्मरणिका? नेटवरचं नको, ते आधीच दहाजणांनी घासलेलं असतं."

आमच्या कपाटात एक जुनी स्मरणिका होती, दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. तिच्यात अर्ध्या पानाचा फोटो, पण पान मधून दुमडलेलं, घडीची पांढरी रेघ बरोबर गालावरून गेलेली. अण्णांनी आधी भिंग लावून बघितला आणि मला पण दाखवला. छापलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके असतात हे मला पुस्तकी माहीत होतं, पण भिंगातून बघितलं की चेहरा जातो आणि नुसती शाईची जाळी राहते, लहान-मोठे ठिपके. तो तसाच स्कॅन करून मोठा केला तर ठिपकेच मोठे होतात आणि तोंडावर पट्टे पट्टे येतात. म्हणून त्यांनी हाय रेझोल्युशनला स्कॅन केला, मग पान किंचित तिरकं ठेवून परत केला, मग ठिपके एकमेकांत मिसळतील इतपतच ब्लर दिला, आणि मग लहान केला. मोठा नाही, लहान! मग घडीची रेघ काढायला बसले. शेजारचा गालाचा तुकडा उचलायचा, रेघेवर ठेवायचा, परत झूम करून बघायचं, आवडला नाही की मागे जायचं. मी शेजारी स्टुलावर. मालकांनी मधेच येऊन सांगितलं की जरा शार्प करा, उठाव येईल. अण्णा म्हणाले, "शार्प केला की म्हातारा होतो. रेघा नसलेल्या ठिकाणी रेघा येतात." माझ्या डोक्यात इतके दिवस जे घोळत होतं ते या माणसाने एका वाक्यात फोटोच्या भाषेत सांगितलं, आणि ते सांगून परत माऊस हलवायला लागले.

घडीची रेघ गेली, पण जिथे मूळ छपाईतच काळं झालंय तिथे त्यांनी काही भरलं नाही. एका बाजूचा कोट जवळजवळ बॅकग्राउंडमध्ये मिसळलाय, तो तसाच ठेवला. "जे दिसत नाही ते मी कुठून आणू?" बरोबर आहे.

मग साईझ. मी १८ बाय २४ इंची फ्रेम सांगितली होती, मालकांचा आग्रह की फोटो पूर्ण फ्रेमभर घ्या, लांबून दिसायला हवा. अण्णांचं म्हणणं, हा फोटो ८ बाय १० च्या वर ताणवत नाही, ताणलात की डोळे जातात. त्यावर त्यांनी उपाय काढला तो मला फार आवडला. फ्रेम तेवढीच ठेवा, आत फोटो छोटा आणि चारही बाजूंनी रुंद पांढरट माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट. बाहेरून फ्रेम भारदस्त, आणि बघायचं असेल तर जवळ जावं लागतं. पेपर मॅट, ग्लॉसी नाही, कारण ट्यूबलाईट चमकते. काचेऐवजी अॅक्रिलिक घेतलं, मुलं चेंडू घेऊन येतात.

इथपर्यंत पाच स्टार. आता कापलेले दीड कुठे गेले ते.

सनबोर्डचा मजकूर मी टाईप करून व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, स्वच्छ युनिकोडमध्ये. यांच्याकडे तो दुसऱ्या जुन्या फॉन्टमध्ये बदलतात, आणि बदलताना रफार उडतात, वेलांट्या उलट्या होतात. पहिला प्रूफ आला त्यात "कर्वे"चं "कवे" झालेलं, "जॅक्सन"चं "जँक्सन", आणि फाशीचं साल १९९०. १९९०! मी हायस्कूलला होते तेव्हा फाशी दिली म्हणे. ते दुरुस्त करून आलं तर कान्हेरेच्या खाली बारीक अक्षरात "व इतर". मी विचारलं व इतर कोण? मुलगा म्हणाला, "मॅडम नावं मोठी होती, लाईन तुटत होती." आता हे बघा, चूक त्याची एकट्याची नाही, आपण सगळेच कर्वे आणि देशपांडेंना "व इतर" करून टाकतो. कर्वे वकिलीचा अभ्यास करत होते, देशपांडे शिक्षक होते, कान्हेरेचा नेम चुकला असता तर पुढचे हेच दोघं होते, थिएटरमध्ये तयारीने आलेले. दोर तिघांच्या गळ्यात सारखाच पडला आणि बोर्डावर एकाचं नाव. फोटो एकाचा लावतोय ते ठीक, पण नावं तिघांची, एकाच साईझमध्ये, एकाखाली एक, असं बजावलं तेव्हा झालं.

"भावपूर्ण श्रद्धांजली" आणि शेजारी तेवणारी समई, हे पण आलं होतं फ्लेक्सवर. ते काढून "विनम्र अभिवादन" केलं. त्यांच्या तेराव्याच्या टेम्प्लेटमधून आलेलं असणार.

मजकुराबद्दल आमच्या सेक्रेटरींचं आणि माझं पण वाजलं, ते दुकानातच, काउंटरवर, मालक मजा बघत होते. सेक्रेटरींना "नराधम जॅक्सन" हवं होतं. मी काढलं. जॅक्सन काही साधासुधा अधिकारी नव्हता, संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला पंडित म्हणायचे. आणि त्याच जॅक्सनच्या हातून सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांच्यावरचा खटला पुढे गेला, ज्यात कविता छापल्याबद्दल बाबारावांना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. नराधम लिहिलं की मुलं पुढचं वाचत नाहीत, नाटकातला व्हिलन मेला, संपलं. कवितेसाठी जन्मठेप असं लिहिलं की थांबतात. शेवटी बोर्डावर विशेषण एकही नाही, फक्त कोण, कुठे, कधी, कशामुळे. सेक्रेटरी अजून म्हणतात बोर्ड फिका झाला.

आणि हो, डोकी. मालकांच्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या भागातल्या सगळ्या लहान-मोठ्या नेत्यांची कापून ठेवलेली डोकी आहेत, सगळ्या पक्षांची, हात जोडलेले वेगळे, हात उंचावलेले वेगळे. फ्लेक्सच्या खाली पट्टी रिकामी दिसली की त्यांचा हात आपोआप त्या फोल्डरकडे जातो. "खाली शुभेच्छुक टाकू ना? मोकळं वाटतंय." माझ्या कमिटीतल्या दोघांचे डोळे पण चमकले. मी म्हटलं शुभेच्छुक वाढदिवसाला असतात काका. मालक हसले आणि पट्टी रिकामी सोडली, त्यांना याचं क्रेडिट द्यायला हवं, कारण एकदा सांगितल्यावर परत आग्रह केला नाही.

डिलिव्हरी. १८ तारखेला दुपारी देतो म्हणाले, हातात आलं ते शटर अर्धं खाली आल्यावर. फोन केला की "गाडी निघाली", कुठली गाडी, गाळा दोन गल्ल्या सोडून आहे. फ्लेक्सला आयलेटच मारलेली नव्हती, म्हणजे दोरी ओवायची कुठून? रात्री आमच्या वॉचमनदादांनी कोपऱ्यांना दगड गुंडाळून बांधला. सनबोर्डच्या एका कोपऱ्याला व्हिनाईल, म्हणजे वरचा छापलेला चिकट कागद, सुटलेलं, ते मी घरी चिकटवलं. फ्रेम मात्र अप्रतिम. कोपरे बंद, माउंट सरळ कापलेला, मागे ब्राउन पेपर नीट लावलेला, फक्त हुक एका बाजूला सरकवून ठोकलाय त्यामुळे फ्रेम भिंतीवर डावीकडे झुकते.

कार्यक्रम छोटाच झाला. एक मुलगा आहे आमच्याकडे, क्रिकेटवाला, त्याला "अनंत कान्हेरे" हे नाव आधीपासून माहीत होतं, कारण नाशिकला अनंत कान्हेरे मैदान आहे, तिथे रणजीच्या मॅचेस होतात, त्याला वाटायचं की जुना कोणीतरी बॅट्समन असेल. मैदानाला नाव द्यायचं आणि तो कोण ते सांगायचं नाही, यात त्या मुलाचा काय दोष? त्याने मग फोटोच्या अगदी जवळ जाऊन बघितलं, बोर्ड वाचला, आणि विचारलं की लंडनहून पिस्तुलं आणली कशी, कोणी पकडलं नाही का. चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाबरोबर वीस पिस्तुलं आली होती, आणि कान्हेरेच्या गोळ्यांनंतर तोच धागा धरून पोलीस सावरकरांपर्यंत पोचले, हे सांगताना मुलं जितकी शांत होती तितकी कुठल्याही भाषणाला नसतात. मोठ्यांपैकी दोघांनी तक्रार केली की एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये एवढासाच फोटो का. मी म्हटलं जवळ जा.

रेट, साधारण अंदाज यावा म्हणून, आमच्या वेळचे. साधा फ्लेक्स १८ रुपये स्क्वेअर फूट, आमचा ६ बाय ३ होता म्हणजे ३२४. सनबोर्डवर व्हिनाईल ९० रुपये स्क्वेअर फूट, २ बाय ३ चे ५४०. स्कॅनिंग आणि रिटचिंगचे ६०० घेतले, अण्णांनी घालवलेला वेळ बघता हे कमीच आहेत, मी तिथेच सांगितलं तसं. मॅट प्रिंट २५०. फ्रेम, माउंट आणि अॅक्रिलिक धरून १८००. जीएसटी वेगळा, आणि पक्कं बिल मागितलं नाही तर देत नाहीत, सोसायटीच्या हिशोबाला लागतं म्हणून मी मागून घेतलं. जीपे चालतं.

कोणी जावं? घरातला जुना फोटो, आजी-आजोबांचा, लग्नातला, घडी पडलेला, वाळवी लागलेला, असा असेल तर डोळे मिटून जा, पण दुपारी चारनंतर जा आणि अण्णांनाच द्या, पुढच्या मुलाच्या हातात देऊ नका, तो लगेच अॅपमध्ये टाकतो. अर्जंट फ्लेक्स हवा असेल तर इथे नको, मशीन स्वतःचं असलेल्या ठिकाणी जा. मजकूर मराठी असेल तर पीडीएफ करून न्या, म्हणजे रफार जागेवर राहतात, आणि प्रूफ मोबाईलवर नाही, त्यांच्या स्क्रीनवर मोठा करून बघा, साल आणि नावं बोट ठेवून वाचा.

हुक बदलून द्यायचं कबूल केलंय. फोन केला की "आज संध्याकाळी माणूस पाठवतो ताई" म्हणतात. माणूस आला की मी इथे येऊन साडेतीनचे चार करीन.